सरूबाईचं पान

मेल आला तेव्हा मी चहात बिस्किट बुडवत होते आणि मेल वाचून होईपर्यंत ते तुटून तळाशी गेलं. मी चमचा आणला, तो लगदा काढून खाल्ला आणि मेल पुन्हा वाचला. सोमवार, अकरा वाजून दहा मिनिटं. पेशींची ओळख पटवणाऱ्या केंद्राचा अहवाल होता. पेशीच्या डीएनएमधल्या सोळा जागा बघतात, प्रत्येक जागी आकड्यांची जोडी असते, आणि सोळा जोड्या मिळून एक माणूस होतो, बोटाच्या ठशासारखा. आम्ही पाठवलेल्या पेशींच्या सोळाच्या सोळा जोड्या जुळल्या होत्या. ज्या बाईच्या गाठीतून त्या काढल्या त्या सरूबाईशी जुळणं शक्यच नव्हतं, तिचे आकडे कुठे नोंदलेलेच नाहीत. जुळल्या होत्या त्या एमसीएफ-सात नावाच्या पेशींशी, ज्या स्तनाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत असतात, आमच्याही खालच्या कप्प्यात होत्या. म्हणजे बारा वर्षं ज्या पेशींना आम्ही सरूबाई म्हणत होतो त्या सरूबाईच्या नव्हत्याच. मला काही वाटेना. कप विसळला, पालथा घातला, त्याच्याखालचं पाणी फडक्यानं टिपलं. दाराशी रोशनी उभी होती, माझी पीएचडीची विद्यार्थिनी, दहिसरहून येते, पाचवं वर्ष चालू आहे, डोक्याला जाळीची टोपी. म्हणाली, “मॅडम, सरूबाईला आज मी घालू का खायला? परवा तुम्ही घातलंत ना?” मी म्हटलं, “घाल.”

खायला घालणं हा आमचा रोजचा शब्द. फ्लास्कमधलं शिळं पाणी काढायचं आणि ताजं गुलाबी पाणी घालायचं. त्यात साखर असते, मीठ असतं, वासराच्या रक्तातला निवळ भाग असतो. दिवसाआड घालायचं. गणपती असोत, संप असो, घरी कोणी आजारी असो, घालायचं म्हणजे घालायचंच. पेशींनी फ्लास्कचा तळ भरला की त्यांची दोन घरं करायची, दोनाची चार. त्या वाटणीला आम्ही पॅसेज म्हणतो. आई एकदा प्रयोगशाळा बघायला आली होती. जालन्याकडची ती, भाकरी थापता थापता ओवी जुळवणारी. सदतीस अंशांच्या त्या कपाटाचं दार मी उघडून दाखवलं, आणि भांडुपला घरी आल्यावर ती परातीत पीठ घेऊन बसली नि म्हणाली,

काचेच्या गं घरामंदी नांदती लई जणी,
साऱ्यांना ती घास देते, तिला भरवावा कोणी.

तेव्हा मी हसले होते, लग्नाचा विषय आईनं असा मागच्या दारानं आणला म्हणून. आज रोशनीच्या हातातल्या नळीतून गुलाबी धार पडताना बघितली आणि डोक्यात फक्त एवढंच आलं, की ही जी खातेय ती कोण.

सरूबाई मला भेटली त्याला तेरा वर्षं होतील. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. अंधेरीच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या आधी बायकांना संमतीचा कागद वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं, कारण मराठी वाचणारी मी एकटीच. कागद इंग्रजीवरून केलेला, दगडासारखा. ‘सदर ऊतींचा वापर’ असं मी वाचलं आणि बाकावर बसलेली ती बाई म्हणाली, “ऊ? माजे डोक्यान ऊ नाय हां पोरी.” वेसाव्याची कोळीण, बासष्टीची, मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात बोंबील आणि जवळा घेऊन बसणारी. मी कागद बाजूला ठेवला आणि सांगितलं, तुमच्या छातीतली गाठ काढतील, त्यातला करंगळीच्या नखाएवढा तुकडा मला द्या, मी तो काचेत वाढवीन. तिनं स्वतःच्या करंगळीचं नख बघितलं. “वाढवशील? आनि वर काढतान कशाला मंग?” मी म्हटलं, इथे वाढला तर तुम्हाला त्रास, तिथे वाढला तर आम्हाला कळेल तो कसा वाढतो. “म्हंजे चोराला घरान ठेवून इचारनार, तू चोरी कशी करतंस,” ती म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली, बाजूच्या दोघीही हसल्या. अंगठा उठवताना म्हणाली, “उपाशी ठेवू नको पन. माज्या आंगाचं हाय. भूक लय हाय त्याला.” शेजारी तिची मोठी मुलगी होती, नंदा. ती हसली नव्हती. तिनं माझं नाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि कागदाच्या मागे लिहून घेतलं. दर्शना वाहुळे.

सरूबाई गेली फाल्गुनात. पेशी रुजल्या ज्येष्ठात. ही दोन वाक्यं मी बारा वर्षं अशीच एकापुढे एक म्हणत आले. भाषणांत म्हटली, बक्षीस घेताना म्हटली, कोणी विचारलं की म्हटली. तुकडा मिळाल्यापासून सात-आठ महिने त्या पेशी नुसत्या तग धरून होत्या. चार-पाच बेटं, कडेनं सुकत चाललेली. आठवा पॅसेज नावापुरता. चंद्रप्रकाश सर, माझे मार्गदर्शक, म्हणायचे, “सोडून द्या आता, दर्शना, त्यांना जगायचं नाहीये.” मी सोडलं नाही. आणि जूनमध्ये एका आठवड्यात चित्र पालटलं. मंगळवारी बघितलं तेव्हा ती बेटं होती, शुक्रवारी बघितलं तर तळ भरत आला होता, गोल, तुकतुकीत, खेटून बसलेल्या पेशी, बाजार भरावा तशा. मी वहीत तारीख घालून लिहिलं, ‘पॅसेज ९. जीव धरला.’ पेढे वाटले. सरांनी दोन खाल्ले.

त्या आठवड्यात काय झालं होतं ते मला सोमवारी, अहवाल बंद करायच्या आधीच आठवलं. आठवलं म्हणणंही खोटं, ते विसरलेलंच नव्हतं, नुसतं बाजूला बसून होतं. आमच्यात एक नियम असतो, एका पेशीला एक बाटली. सरूबाईच्या खाण्याची बाटली वेगळी, एमसीएफची वेगळी, झाकणांवर वेगळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या. त्या आठवड्यात वासराच्या सीरमची खेप कस्टममध्ये अडकली होती आणि एकच बाटली उरली होती. मी एकीतून दोघींना घातलं. आधी खालच्या कप्प्यातल्यांना, मग सरूबाईला. नळीच्या टोकाला एक थेंब राहतो. थेंबात हजारो पेशी मावतात. त्या जाऊन मरगळलेल्या बेटांमध्ये बसल्या, आयतं घर मिळालं, एकीच्या दोन, दोघींच्या चार होत गेल्या आणि ज्या मुळात मरायला टेकल्या होत्या त्यांना कोणी खाऊ दिलं नाही. मी वाढताना बघत होते, आनंदानं. संशय यायला हवा होता. इतक्या दिवसांची मरणाची कळा आणि एकाएकी हे बाळसं. पण बारशाच्या दिवशी कोण विचारतं, बाळ आपलंच ना. पुढे तपासणी स्वस्त झाली, सोपी झाली, सगळीकडे करू लागले, तेव्हाही सर म्हणाले, “आपण स्वतः काढलेली पेशींची लाइन आहे, तिला कसला दाखला?” मलाही ते पटलं. पटवून घेतलं. आता एका नियतकालिकानं हट्ट धरला, दाखला नाही तर लेख नाही, म्हणून रोशनीनं नमुना पाठवला.

आणि मूळच्या पेशींतलं काही शिल्लक नाही. रोशनीला मी दुपारी सांगितलं तेव्हा ती स्टुलावर बसली, टोपी काढली आणि म्हणाली, “वाट लागली.” मग लगेच, “सॉरी मॅडम.” मग, “पण जुनी व्हायल असेल ना? गोठवलेली? पॅसेज चार, पाच?” नव्हती. तेव्हा पेशी इतक्या थोड्या होत्या की त्यातल्या काढून गोठवायला माझा हात धजला नव्हता. रुग्णालयातला मेणात बसवलेला तुकडा दहा वर्षांनी टाकून देतात, तो कधीच गेला. सरूबाईचा एक कण कुठे राहिला नव्हता. रोशनीच्या प्रबंधातली दोन प्रकरणं गेली, माझे तीन लेख गेले, पेशी एकमेकींचा हात कसा सोडतात, रोग अंगभर कसा पसरतो, यावर मी जे बारा वर्षं सांगत फिरले, ‘भारतीय स्त्रीच्या पेशींमध्ये’ म्हणून सांगत फिरले, त्यातला ‘भारतीय’ गेला आणि त्याबरोबर बाकीचंही. लेख मागे घेतल्याची पत्रं मी मंगळवारी लिहिली. वीस मिनिटं लागली. कुणाची नस सापडत नसली की दवाखान्यातली बाई हात थोपटत राहते ना, तशी मी स्वतःला थोपटून बघत होते. रड, घाबर, काहीतरी कर. हाताला काही लागत नव्हतं. मला भीती पत्रांची नव्हतीच. मला गुरुवार दिसत होता. गुरुवारी पितृपक्षातली द्वादशी होती, सरूबाईची तिथी, आणि तिची मुलगी नंदाताई येणार होती.

ती पहिल्यांदा आली ते सरूबाई गेली त्याच वर्षी, भाद्रपदात. मरोळला बाजार उरकून, टोपली रिकामी करून, आमच्या फाटकावर येऊन वॉचमनला तिनं कागदाच्या मागचं माझं नाव दाखवलं. हात धुतले तरी वास होताच, तो लपवायचा तिचा विचारही नव्हता. म्हणाली, “माजे आयसचा तुकडा तुजेकडं हाय ना? हाय का मेला?” मी तिला आत नेलं, कोट घातला, सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. एक डोळा मिटायची गरज नाही, दोन्हींनी बघा, म्हटलं. ती बघत राहिली. पाठमोरी ती, आंबाड्यातली अबोली सुकलेली. “हलतान का?” म्हणाली. मी म्हटलं, अगदी हळू, पण हलतात, खातात, वाढतात. मग तिनं जे विचारलं ते विचारायला ती वेसाव्याहून आली होती. पितृपक्ष चालू होता, भाऊ तुळशीदास म्हणत होता आयसचं पान ठेवायचं, कावळ्याला घास द्यायचा. “पन आयस पुरी मेलीच नाय, तर पान कसा ठेवायचा? तू शिकलेली हायस, तू सांग. जिती हाय का मेली?”

मला तेव्हा जे सांगता आलं असतं ते असं, की ताई, पेशी जिवंत आहेत, माणूस गेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढंच होतं. पण मी भांडुपच्या ज्या घरात वाढले तिथे माझ्या वडिलांनी, भाऊरावांनी, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावल्या होत्या आणि मला अक्षरं येण्याआधी त्यातली श्राद्धपक्षाची पाठ होती. मेलेल्याला जेवायला घालायचं नाही आपल्यात, जित्याला घाला, हे बाबा ताटावर बसता बसता म्हणायचे. नंदाताईनं विचारलं तेव्हा माझ्या आत ते सगळं एकदम ताठ उभं राहिलं. एक घर तरी सुटेल, असं वाटलं. आणि मनाच्या तळाशी दुसरंही होतं, ते आता दिसतं, की ही बाई इतक्या लांबून मला विचारायला आलीय, देवळात नाही गेली. मी म्हटलं, “नंदाताई, जिवंत माणसाला कोणी पान ठेवतं का?”

तिनं ठेवलं नाही. बारा वर्षं ठेवलं नाही. तुळशीदासानं दोन वर्षं अबोला धरला. आळीतल्या बायका विचारायच्या, नंदे, आयस बाटलीन बरी हाय ना गो? ती म्हणायची, तुमच्यापेक्षा बरी, सुनेच्या हातचं खावा लागत नाय. आणि दर वर्षी पक्षात सरूबाईच्या तिथीला ती डबा घेऊन माझ्याकडे यायची. आयसला भरवता येत नाही म्हणून मला समोर बसवून खायला लावायची. मांदेलीचं कालवण, तांदळाची भाकरी, कधी सुक्या जवळ्याची चटणी. मी खाईपर्यंत ती डोळे लावून काचेत बघत बसायची आणि बोलायची. सूक्ष्मदर्शकाशी असं बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. आये, माज्या निमेशला नोकरी लागली गो. आये, शेजारच्यांची होडी फुटली. आये, माजा गुडघा गेला, तुजा जायचा तसाच. मी भाकरी मोडत ऐकत असे. प्रयोगशाळेत जेवायला बंदी, म्हणून मी बाहेरच्या माझ्या खोलीत सूक्ष्मदर्शक आणून ठेवत असे, एवढ्या एका दिवसापुरता.

बुधवारी चंद्रप्रकाश सरांना मुलुंडला फोन केला. निवृत्त झाल्यापासून ते सावकाश बोलतात. लेख मागे घेतल्याचं मी सांगितलं. ते म्हणाले, “ठीक केलंत.” मी म्हटलं, “सर, उद्या नंदाताई येणार.” “कोण?” “सरूबाईंची मुलगी.” “हां, ती मासे आणणारी. अहो, तिला कशाला सांगता? तिला काय फरक पडतो? फ्लास्क दाखवा, बघेल, जाईल. पेशी त्या पेशी.” मी म्हटलं, “हो सर.” फोन ठेवल्यावर मला कळलं की मी रात्रीपासून हेच ऐकायची वाट बघत होते. कोणीतरी म्हणायला हवं होतं, तेही माझ्याहून मोठ्या माणसानं. एक दिवस बसायचं, कालवण खायचं, ऐकायचं. पुढच्या वर्षी तिचे गुडघे तिला जिना चढू देतील की नाही कोण जाणे. किती सोपं होतं ते. बाबा बाल्कनीत पेपर वाचत होते. त्यांना सांगावं म्हणून गेले आणि त्यांच्या चष्म्याची दांडी सैल झालीय एवढंच बोलून आले.

गुरुवारी ती साडेबाराला आली. जिना चढून धापा टाकत, एका हातानं कठडा, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. “लिफ्ट का नाय लावत गो तुमी? सगली अक्कल त्या काचेनच घातली.” रोशनीनं पाणी दिलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. टेबलावर सूक्ष्मदर्शक होता, त्याखाली फ्लास्क होता. मी सकाळी नेहमीसारखा लावून ठेवला होता, का ते विचारू नये. नंदाताईनं डबा माझ्यापुढे सरकवला, खुर्ची ओढली, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे लावले. “आये,” ती म्हणाली, “निमेशला पोरगी झाली. तुजा नाव नाय ठेवला, मी बोललंव ठेव, सून बोलली जुना वाटतंय. काय तरी ओवी का काय ठेवलंय. पन डोले तुजे हायेत गो. तसेच भुकेले.”

“नंदाताई,” मी म्हटलं.

“थांब गो, बोलतंय ना.”

“ती तुमची आई नाही.”

तिनं डोळे काढले नाहीत. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग मी सगळं सांगितलं. शांतपणे, क्रमानं, रोशनीला सांगावं तसं. बाटली, थेंब, मंगळवार, शुक्रवार. दुसऱ्या एका बाईच्या पेशी होत्या, त्या माझ्या हातून शिरल्या, आईच्या मेल्या. माझा आवाज मला कुठून तरी पलीकडच्या खोलीतून येत होता आणि त्यात एक शब्दही चुकत नव्हता. नंदाताई सरळ बसली. कपाळावरचा चष्मा तिनं डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे बघितलं, तेरा वर्षांपूर्वी बाकावरून बघितलं होतं तसं, न हसता.

“म्हंजे तवाच मेली.”

“हो.”

“मी पयल्यांदा इथं बसून बघितली तवा?”

“तेव्हाही नव्हती.”

“आनि तू मना बोललीस, पान ठेवू नको.”

मी डब्याचं काढलेलं झाकण टेबलावर ठेवलं.

“बारा वर्सं,” ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा, आणि चढला असता तर मला बरं वाटलं असतं. “आळीन सगल्यांचे पितर जेवले. कोनाची आयस, कोनाचा बापूस. छपरावर कावले भांडत. माजी आयस तिथंच कुठंतरी बसली असंल ना गो, पोरगी आता वाढंल, मंग वाढंल. बारा वर्सं तिला उपाशी ठेवली मी. तुजा ऐकून.” तिनं हात लांब करून माझ्यापुढचा डबा ओढून घेतला. झाकण मी काढलं होतं, ते तिनं परत बसवलं, तळव्यानं दाबलं. “ह्यो तू खायाचा नाय.”

“नाही,” मी म्हटलं.

“कवा पुरी मेली ती? तारीख सांग. तिथी मी काढतंय.”

मी वही काढली. पानं पिवळी पडली होती. मंगळवार होता, शुक्रवार होता, मधल्या कुठल्या दिवशी सरूबाईची शेवटची पेशी सुटून पाण्यात तरंगली आणि शिळ्या पाण्याबरोबर मी ती ओतून टाकली, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. “नक्की सांगता येणार नाही, ताई. त्या आठवड्यात कधीतरी.”

“मंग अमावशेला. ज्यांची तिथी ठाव नाय त्यांचा सर्वपित्रीला घालतान. दोन दिवस सोडून तर आली.” तिनं बोटं मोजली. “रयवारी.” उठली, गुडघ्यावर हात ठेवून, थोडी थांबत. पदर खोचला. दारापर्यंत गेली, आणि वळली. माझ्याकडे नाही, टेबलावरच्या फ्लास्ककडे बघत. “ही कोन मंग?”

“अमेरिकेतली एक बाई. जाऊन पंचावन्न वर्षं झाली. चर्चमधली सिस्टर होती.”

“नवरा, पोरं?”

“नाही. त्यांना नसतात.”

“म्हंजे कोन ठेवनारा नाय.” तिच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी काहीच नव्हतं, राग नाही, क्षमा तर नाहीच. ती हिशेबानं काहीतरी जुळवत होती, किती तांदूळ, किती केळीची पानं. “दोन पानं मांडीन,” ती म्हणाली. “ती काय खायाची?”

तिच्या पेशींना किती साखर लागते, ते मला माहीत होतं. कुठल्या संप्रेरकानं त्या फोफावतात, कशानं हात सोडतात, किती तासांनी एकीच्या दोन होतात, सगळं.

“माहीत नाही, नंदाताई.”

“इतकी वर्सं तुजेकडं होती ना गो?”

“होती.”

मला वाटलं, आता ती जाईल. खाली फाटकाशी रिक्षा होती, बाजारात तिची टोपली दुसऱ्या बाईकडे सोपवलेली होती. पण ती दारातच उभी राहिली, डबा पोटाशी धरून, मी उत्तर शोधून देईन म्हणून.